उष्ट्या चहावर जगलेलं शेवाळ

मित्रांनो, बरणीच्या काचेला चिकटून म्हातारं झालेलं शेवाळ आहे मी. सुख-दुःख असलं काही मला कळत नाही. हिरवं राहायचं, एवढंच कळतं.

बरणी न्हाव्याच्या बायकोची. बरणीतले मासे मेले तरी तिनं मला टाकलं नाही. म्हणायची, "जिवंत आहे ते." मग तीही गेली. मी दुकानाच्या खिडकीत राहिले. गिऱ्हाईक नसलं की न्हावी माझ्याकडे बघत बसायचा.

शेजारच्या शिंप्याला ते बघवेना.

"फेकून दे रे ती घाण!"

"घाण नाही ती."

"मग लाव पैज! महिनाभर माझ्या टेबलाखाली ठेवतो. काळी पडली तर ओतून द्यायची. हिरवी राहिली तर भर रस्त्यात माझी मिशी उडव!"

त्या झुपकेदार मिशीवर अख्ख्या गल्लीचा डोळा. "लाव, लाव!" सगळे ओरडले. न्हाव्यानं नुसती मान डोलावली. बरणी देताना मात्र त्याचे हात सुटेनात.

टेबलाखाली चिंध्या, दोरे आणि दाराच्या फटीतून चिमूटभर उजेड. उजेडावर मी माझं जेवण स्वतःच रांधते, पण एवढ्याशात काय शिजणार? फिकट पडत चालले. शिंप्याला तेवढाही दम निघेना. मी लवकर मरावं म्हणून तो कपातला उरलेला कोरा चहा रोज गुपचूप माझ्यात ओतायचा.

शहाणाच! पाण्यात विरघळलेली साखर मला आयती चालते. थोडं उजेडाचं, थोडं साखरेचं. दोन्ही चुली एकदम पेटल्या. घोटभरच हं, कपभर ओतलात तर पाणी नासतं.

महिना सरला. बरणी रस्त्यात आली. हिरवीगार!

"च्यायला!" शिंप्यानं कपाळावर हात मारला. "रोज उष्टा चहा पाजला हिला, तरी मेली नाही!"

न्हावी बघत राहिला. मग म्हणाला, "बायको पण पाजायची. कपातला शेवटचा घोट."

शिंपी आपणहून रस्त्यातल्या खुर्चीत बसला. "चालव वस्तरा."

न्हाव्यानं फेस लावला, अर्धी मिशी उतरवली आणि वस्तरा पुसून ठेवला.

"अरे, उरलेली?"

"उद्या. चहा घेऊन ये."

अर्ध्या मिशीचा शिंपी सगळ्यांचं हसू झेलत घरी गेला.

तेव्हा मित्रांनो, कुणाच्या खिडकीत हिरवी बरणी दिसली, तर लगेच घासायला घेऊ नका. आधी विचारा, कुणाची आहे.