मराठीत पाठवा

व्याजाची सवलत बंद झाली, असं बँकेतल्या साहेबानं सांगितलं तेव्हा आप्पा खुर्चीवरनं उठलेच. "पोरीच्या शिक्षणाचं कर्ज हाय हे. तुमी आमाला कळवलंच न्हाय, मग चूक कुणाची?"

साहेबानं फायलीतनं एक पत्र काढलं. उत्पन्नाचा दाखला महिन्याभरात आणून द्या, नाहीतर सवलत बंद होईल, असं त्यात कन्नडमध्ये लिहिलं होतं. खाली लाल शाईत आप्पांचं अक्षर होतं : 'मराठीत पाठवा.' सीमाभागातल्या येळ्ळूरच्या आमच्या घरातनं कन्नड कागद असाच परत जातो.

मलाही संताप आला. कर्ज घ्या म्हणून बोलवायला यांना मराठी फलक लावता येतात, सवलत जाणार हे सांगायला मात्र मराठी येत नाही!

पण ते पत्र पोस्टात टाकायला आप्पांनी माझ्याच हातात दिलं होतं. शाळेत कन्नडमध्ये मला नव्वद मार्क होते. वाटेत मी ते दोनदा वाचलं. दाखल्याच्या अर्जावर आप्पांची सही लागणार होती आणि त्याच सकाळी कट्ट्यावर ते चारचौघांत सांगत होते, "माझी पूर्णिमा असल्या कागदाकडं बघत सुदीक न्हाय." मी पत्र पेटीत टाकलं.

आप्पा माझ्याकडं वळले. "तूच सांग गं यांना. त्यात काय लिवलंय ते आपल्या घरात कुणाला कळलं हुतं काय?"

साहेब माझ्याकडं बघत होता.

"न्हाय, आप्पा," मी म्हणाले.