एक मताने

"पेंटर, ‘एक’ आणि ‘मताने’ यांचं भांडण झालंय का? एवढे लांब का उभे केलेत?" मेंबरचा मेहुणा खालून ओरडला.

पेंटरने शिडीवरूनच फलकाकडे पाहिलं. ‘एक मताने निवडून आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली मेंबरचं नाव, दारूच्या दुकानाच्या पाटीएवढं.

"एकमताने म्हणजे सगळ्यांनी मिळून. मेंबर आले एका मताने. तेवढी जागा सोडावी लागते."

"जिंकल्यावर सगळे आपलेच हो! जोडून टाका."

"ओला रंग आहे. पुसायला गेलो तर नावावर येईल."

हरलेली उमेदवार पेंटरची बायको होती. आणि ते एक मत पेंटरचं होतं. म्हणजे नव्हतं.

झालं असं, की मतदानजागृतीची भिंत रंगवायची नगरपालिकेची मंजुरी टेबलाटेबलांवर विसावा घेत नेमकी मतदानाच्या दिवशी आली. साहेब म्हणाले, आज भिंत झालीच पाहिजे, वर फोटो पाठवायचाय. ‘आपले एक मत अमूल्य आहे’ यातला शेवटचा ‘हे’ संपवून पेंटर धावत केंद्रावर पोचला, तेव्हा शिपाई फाटकाला कुलूप लावत होता. शिपाई भला माणूस. म्हणाला, "पुढच्या वेळी जरा लवकर निघा. पाच वर्षं आहेत हातात."

मत पडलं असतं तर बरोबरी झाली असती, मग चिठ्ठी टाकली असती. बायकोला चिठ्ठीत जन्मात कधी काही लागलं नव्हतं. पण हा मुद्दा घरात मांडायची पेंटरची छाती झाली नाही.

निकालापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. बोलायची ती शिडीशी. "शिडीबाई, ह्यांना सांगा, जेवण झाकून ठेवलंय." सुरुवातीला पेंटरही शिडीमार्फतच उत्तर द्यायचा. पुढे त्याला शिडीची दया यायला लागली.

तिचा जाहीरनामा एका वाक्याचा होता : नळ वरच्या गल्लीत आणीन. आता नळ खालीच राहणार होता.

"जोडता येत नसेल तर मध्ये फूल तरी काढा," मेहुणा म्हणाला. "नाहीतर मेंबरचा फोटो चिकटवू."

तेवढ्यात मेंबर स्वतःच गाडीतून उतरले. मान मागे टाकून त्यांनी फलक पाहिला. "झकास. नाव ठळक आलंय."

"दाजी, ती मधली जागा—"

"अरे, वाचतंय कोण?" मेंबर म्हणाले आणि मेहुण्याला घेऊन पुढच्या सत्काराला गेले.

पेंटर खाली उतरला. पाठ धरली होती. ब्रश पुसत असताना नळाकडून बायको आली, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. ती फलकापुढे थांबली. ओठ हलवत तिने पहिला शब्द वाचला. मग बराच वेळ काहीच वाचलं नाही. मग दुसरा वाचला.

"अजून थोडी सोडायची होतीत जागा," ती म्हणाली. शिडी दुसऱ्या बाजूला होती. "एक माणूस मावला असता."

पेंटरने ब्रश डब्यात टाकला. त्याने हात पुढे केला.

तिने दोन्ही बादल्या जोखल्या आणि त्यातली जड त्याच्या हातात दिली.