घड्याळजीच्या घरातलं थेट प्रक्षेपण

गल्लीत तिला सगळे मागून फौजदारीण म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. शाळेचं तोंड तिने जेमतेम पाहिलेलं, पण एक शब्द मात्र तिच्या जिभेवर पक्का बसला होता, थेट प्रक्षेपण. शेजारीण जिन्यात उभी राहून सुनेच्या कागाळ्या सांगू लागली की ही म्हणे, "झालं, हिचं थेट प्रक्षेपण सुरू." वाणी दुकानातल्या टीव्हीकडे बोट दाखवून लाइव्ह म्हणाला, तर पिशवी गल्ल्यावर आपटून आधी त्याचा शब्द दुरुस्त करी आणि मग साखर मागे. शब्द पोराने शिकवलेला. मिजास असणारच.

पोरगा दूरच्या शहरात, फुटबॉलच्या मैदानावर कॅमेरा चालवायचा. जे घडतंय ते घडतानाच घरात दिसलं तर ते थेट, मागाहून दाखवलं तर ते नव्हे, असं त्याने तिला समजावलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात 'थेट' दिसलं की समजायचं, या घटकेला मी तिथे उभा आहे. जेवलास का म्हणून तेव्हा फोन करायचा नाही.

सामना सुरू होण्याआधी आणि मध्यंतर संपताना त्याचं चित्र मैदानातल्या मोठ्या घड्याळावर क्षणभर थांबायचं. तो बापाला नमस्कार असायचा. बाप घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली. पडद्यावर घड्याळ आलं की तो मान वळवून भिंतीवरच्या आपल्या घड्याळाशी ताडून बघायचा आणि म्हणायचा, "जुळलं." कधीकधी म्हणायचा, "मागे पडतंय, सांग त्याला." भिंतीवरच्या त्या घड्याळाला घरात दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. फौजदारिणीचा अंमल चुलीपासून जिन्यापर्यंत चालायचा, पण त्या खिळ्यापाशी संपायचा.

मग घड्याळजीचं उजवं अंग लुळं पडलं. बोलणं जड झालं, खाटेवरून उठणं बंद झालं. तो जरा सावरतोय तोच, पोरगा कामावरून परतत असताना गाडी उलटली आणि तो जागीच गेला. डॉक्टर म्हणाले, यांना आत्ता धक्का सोसायचा नाही. फौजदारीण बहिणीकडे जाते म्हणून निघाली, पोराला शेवटचं पाहून आली, आणि डोळे धुऊनच घरात शिरली. जिच्या पोटात कधी शब्द म्हणून राहिला नाही, तिने एवढं मोठं पोटात ठेवलं. पोरगा लांबच्या दौऱ्यावर आहे म्हणाली. फोन का करत नाही? तर कामात असेल, तुम्ही तरी दुकानात बसलात की कुठे कुणाची हाक ऐकायचात.

पोराच्या बरोबर मैदानावर तारा ओढणारा एक सोबती भेटायला आला, तेव्हा तिने त्याच्याकडून जुने सामने मागून घेतले. तो चाचरत म्हणाला, "काकू, कोपऱ्यातलं 'थेट' तसंच राहिलंय. ते काही पुसता येत नाही."

"पुसू नकोसच," ती म्हणाली.

मग तिची एक रीत ठरून गेली. चित्रातलं घड्याळ जी वेळ दाखवणार, बरोबर त्या वेळेला बटण दाबायचं. घड्याळजी विचारायचा, "थेट आहे ना?" ती म्हणायची, "थेट." शब्द तोच, पण आता तो उच्चारताना ती पाठ फिरवायची. पडद्यावर घड्याळ यायचं, थांबायचं, खाटेवरून "जुळलं" ऐकू यायचं, आणि ही स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला बसायची. आधी घासून ठेवलेलीच.

एका दुपारी नेमक्या वेळेला शेजारीण रडवेलं तोंड घेऊन सांत्वनाला आली. तिला जिन्यातच थोपवून, दबक्या आवाजात दटावून परत पाठवेपर्यंत सामन्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. घड्याळजीचा डोळा लागला होता. फौजदारिणीने स्टूल ओढलं, भिंतीवरच्या घड्याळाची काच उघडली, आणि काटा बोटाने मागे सारला. मग सामना लावला.

आवाजाने तो जागा झाला. "थेट आहे ना?"

"थेट."

पडद्यावर घड्याळ आलं. त्याने मान वळवली. तेवढ्यात समोरची शाळा सुटली. घंटा, पोरांचा कालवा, सगळं रोजच्यासारखं. भिंतीवर मात्र शाळा सुटायला अजून पुष्कळ अवकाश होता.

तो "जुळलं" म्हणाला नाही. त्याने पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं.

"काट्याला हात लावलास."

शाळा लवकर सोडली असेल, मास्तरांना काय, असलं काहीबाही तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच विरलं.

"या घरात आल्यापासून कधी लावला नाहीस," तो म्हणाला. शब्द जड होते, पण सुटे सुटे. "पोरगा कुठे आहे?"

"दौऱ्यावर..."

"अगं."

ती स्टुलावरच बसली. "नाही तो," म्हणाली. "मी बहिणीकडे म्हणून गेले होते ना, तेव्हाच."

पडद्यावर खेळाडू धावत होते. लोक ओरडत होते.

"एकटीच गेलीस," घड्याळजी म्हणाला.

त्यावर मात्र फौजदारीण रडली. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. तशीच सवय झाली होती. त्याने डावा हात पुढे केला, पण तो तिच्यापर्यंत पोचेना. मग तीच स्टूल सरकवून जवळ आली. बऱ्याच वेळाने टीव्ही बंद करायला उठली तर तो म्हणाला, "राहू दे. घड्याळ काढून दे."

तिने ते खिळ्यावरून उतरवून त्याच्या छातीवर ठेवलं. त्याच्या डाव्या हाताला एकट्याने जमेना. तिने आपलं बोट त्याच्या बोटाखाली दिलं, आणि दोघांनी मिळून काटा खऱ्या वेळेवर आणला.

सामन्याचं मध्यंतर संपत आलं होतं. चित्र सरकत सरकत त्या मोठ्या घड्याळावर आलं आणि थांबलं. घड्याळजीने ते पाहिलं, मग छातीवरचं पाहिलं.

"मागे पडतंय," तो म्हणाला, आणि पुढचं बोलला नाही.