निळ्या पडद्याची खोली

आमच्या झोपायच्या खोलीत उजेडाला बंदी आहे. ही बंदी आमच्या ह्यांची. सगळी नोकरी कापडाच्या कारखान्याच्या रंगखात्यात गेली आणि खिडकीचा निळा पडदा ह्यांनी स्वतः रंगवलेला. रंग विटू नये म्हणून त्याला खिडकीकडून जाड अस्तर, आणि सारला की निळी बाजू उन्हात येते म्हणून भर दुपारीसुद्धा तो ओढलेला. पाहुणे आले की हे पडद्याचं कौतुक सांगणार, मी चहा करणार.

ऑपरेशननंतर मला त्याच खोलीत निजवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजेडात बसत जा, मनाला उभारी येईल. मी पडदा सारायला सांगितला, तर हे पट्टी घेऊन आले. त्याच निळ्या कापडाचा तुकडा, अर्धा पुठ्ठ्याखाली झाकलेला, अर्धा उघडा. कारखान्यात रंगाची परीक्षा अशीच घेतात. म्हणाले, "स्वयंपाकघराच्या खिडकीत लावतो. रंग किती उडतो ते बघू, मग ठरवू."

"आणि तोवर मी?"

"अगं, ऊन रंगाच्या कणालाच फोडतं. मळ धुता येतो. फुटलेला रंग परत येत नाही."

मी विचारलं काय आणि हे सांगतात काय! पण भांडायलाही अंगात त्राण लागतं. मी भिंतीकडे तोंड केलं. रोज हे येऊन पट्टीची तब्येत सांगायचे, माझी विचारायची राहून जायची. मला राग यायचा, आणि मग रागाचाही कंटाळा यायचा.

एका दुपारी पट्टी माझ्या नाकासमोर धरली. "मला दोन्ही बाजू सारख्याच वाटतायत. तू बघ बरं."

"ह्या अंधारात? कप्पाळ दिसणार!"

रंग दिवसाच्या उजेडातच पारखायचा, हे जन्मभर दुसऱ्यांना बजावणारा माणूस. ओशाळले. चटकन पडदा सारला, माझ्यासाठी नव्हे, पट्टीसाठी. वळले आणि तसेच उभे राहिले.

"चेहरा केवढा उतरलाय गं तुझा. आज काय झालं?"

"आज काही नाही झालं. आज दिसलं."

पट्टी हातातच राहिली. ह्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. हळूच पलंगाच्या कडेला बसले. ऊन माझ्या पायांवर आलं होतं, गरम, आणि मला रडू फुटलं.

"दुखतंय का?" ह्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "खूप."