घरचा कान

नणंद असून मी भावजयीची बाजू घेते, याचं लोकांना नवल वाटतं. माझ्या दादासारखा भाऊ असता तर त्यांनीही घेतली असती.

दादा खिशात मावणारे म्युझिक प्लेअर तपासतो आणि मासिकात त्यांच्यावर लिहितो. घराची मागची खोली त्याची. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, टेबलावर मोजायचं यंत्र आणि वायरींचा हा गुंता. कुठल्या प्लेअरची खरखर किती, कुठल्याचा आवाज कुठे फाटतो, सगळं यंत्र सांगतं. पण नुसते आकडे वाचून कोण प्लेअर घेतो? म्हणून लेखाच्या शेवटी एक चौकट असायची, 'घरचा कान'. तो कान वहिनीचा.

ती हेडफोन लावून पाठमोरी बसायची. दोन प्लेअर एका डबीला जोडलेले असायचे आणि मी डबीवरचा खटका दाबायची. एक, दोन, परत एक. दोघांचा आवाज दादा आधी यंत्रावर सारखा करून घ्यायचा, कारण जो जरा मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. माणसांचंही तेच आहे म्हणा, आमच्या घरात दादाच नेहमी बरोबर असतो. मग वहिनी सांगायची, "एकमधली बाई शेजारी बसून गातेय, दोनमधली दाराआडून." दादा ते जसंच्या तसं छापायचा आणि वाचक खूश व्हायचे.

मग एका वाचकाने लिहिलं की बाईंना काही कळत नाही, मनाला येईल ते ठोकून देतात. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सोडून द्या हो," वहिनी म्हणाली. पण सोडून देईल तर तो दादा कसला! पुढच्या वेळी त्याने डबीच्या दोन्ही बाजूंना एकच प्लेअर जोडला आणि वर फडकं टाकलं. मलाही पत्ता लागू दिला नाही. त्याला वाटलं, वहिनी पटकन म्हणेल, "अहो, हा तर एकच आहे," आणि वाचकाचं तोंड बंद होईल. भरवसा होता म्हणूनच केलं, असं तो अजून म्हणतो. भरवसा असलेला माणूस फडकं कशाला टाकेल?

वहिनीने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "दोन," ती म्हणाली. "यात मोकळं वाटतं. एक जरा कोंदट आहे." मलाही तिच्या बोलण्यावरून दोनच चांगला वाटायला लागला होता, पण मला कोण विचारतं?

दादाने पुन्हा ऐकायला लावलं. पुन्हा दोन. तेव्हा त्याने फडकं ओढलं. "अगं, दोन्हीकडे एकच होता!" आणि तो हसला. वाईट हेतूने नव्हे, जिन्याची पायरी चुकल्यावर माणूस हसतो तसा. पण हसला खरा.

वहिनीने हेडफोन काढला. "म्हणजे माझी परीक्षा होती."

"तुझी नाही गं, त्या वाचकाची."

"तो कुठे बसलाय इथे?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठून गेली, आणि त्यानंतर कशावरच मत देईना. पडद्याला कुठला रंग घ्यायचा? "दुकानदाराला विचारा." हा शर्ट कसा दिसतो? "आरसा आहे ना." दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. हिने ताक प्यायचंच सोडलं.

दादा रजयांच्या खोलीत एकटाच बसू लागला. एक दिवस मला म्हणाला, "आता माझी परीक्षा घे. कधी एकच लाव, कधी वेगळे. मला सांगू नकोस." मी घेतली. तो वहिनीपेक्षा वाईट हरला, आणि लॉटरी लागल्यासारखा स्वयंपाकघरात धावला. "अगं, मीही नापास! सगळेच होतात. कान ऐकायच्या आधी मन ठरवून मोकळं होतं."

वहिनी ताटली पुसत होती. "तुम्ही नापास झालात म्हणून मी पास होत नाही," ती म्हणाली. "आणि मला कुठे पास व्हायचं होतं? मी तिथे पाठ करून बसायचे, कारण मागे तुम्ही होतात."

दादा आल्या पावली परत फिरला. इतकं वाईट मला त्याच्याबद्दल कधीच वाटलं नव्हतं. 'घरचा कान' बंद पडला. आता लेखात आकडेच असतात आणि पत्रं येत नाहीत.

परवा दुपारी वहिनी खिडकीशी बसली होती. नापास झालेल्या प्लेअरांच्या खोक्यातला एक तिने काढला होता. डोळे मिटलेले, ओठ गाण्याबरोबर हलत होते. मी खांद्याला हात लावून विचारलं, "कसा आहे?"

"छान आहे गं," ती हसून म्हणाली. हा शब्द मी किती दिवसांनी ऐकला! मागे दारात दादा उभा होता. त्यानेही ऐकला असावा, कारण त्याचा चेहरा एकदम उजळला.

"कुठला आहे?" त्याने विचारलं. इतक्या हळू आवाजात तो आयुष्यात कधी बोलला नसेल.

वहिनीने डोळे उघडले. कानातून वायर काढली, नीट गुंडाळली आणि प्लेअर त्याच्या हातात ठेवला.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "तुम्ही मोजून बघा."