वहिनीचा दरवाजा

बिजागरीची पिन तिसऱ्या ठोक्यालाही जागची हलली नाही, तेव्हा मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला आणि कमरेवर हात देऊन तो उभा राहिला. पासष्टीनंतर गंजलेल्या पिनेआधी आपली कंबरच कुरकुरते, हे त्याला आता पाठ झालं होतं.

शेडमध्ये दोन जुन्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघा भावांनी एकाच साली, हट्टाने एकाच रंगाच्या घेतलेल्या. मिस्त्रीची पंधरा वर्षं बंद होती, पण तिचा सांगाडा शाबूत होता. दादाची शेवटपर्यंत पळाली, पण खालून पत्रा पार कुजला होता. दोन्हींतून मिळून एकच धड गाडी निघणार होती. दादा गेल्यावर वहिनीने किल्ली त्याच्या हातात ठेवली, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती,

"भाऊजी, भंगारात नका घालू. ह्यांची गाडी रस्त्यावर दिसली पाहिजे."

तो हो म्हणून बसला. त्याला आठ महिने झाले. इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, सीटं बसली आणि मिस्त्री पार थकला. नुसता अंगाने नाही. एकेक भाग काढताना दादाची गाडी रिकामी होत चालली होती आणि ते त्याला बघवत नव्हतं.

शेवटचा राहिला होता दादाच्या गाडीचा ड्रायव्हरशेजारचा दरवाजा. तीस वर्षं तो लोंबत होता. लावायचा तर दोन्ही हातांनी जरा उचलून ओढावा लागे.

"घरात मिस्त्री आहे आणि माझा दरवाजा लुळा," असं वहिनी दर खेपेला ऐकवायची.

"त्याला वेळ कुठाय!" म्हणून दादा हसायचा.

खरंच नव्हता. लोकांच्या गाड्या करता करता भावाचा दरवाजा राहूनच गेला. म्हणून आता मिस्त्रीने त्यावर चार दिवस घातले. नव्या पिना घातल्या, पिनांभोवतीचे बुश बदलले. दरवाजा एका बोटाने लागू लागला. झिजलेल्या पिना त्याने सवयीने डब्यात टाकल्या. त्याच्या शेडमधून काही बाहेर जात नसे.

रविवारी सकाळी वहिनी आली. गाडीभोवती एक चक्कर मारून ती आपल्या जागेवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी दरवाजा उचलून ओढला. उचलायला काही उरलंच नव्हतं. दरवाजा धाडकन आदळला. वहिनी दचकली. तिचे हात तसेच दरवाजावर राहिले.

"दुरुस्त केलात?"

"केला, वहिनी. उशीर झाला, पण केला."

फेरीभर ती खिडकीबाहेर बघत होती. घरापाशी उतरताना म्हणाली,

"छान झाली हो तुमची गाडी."

तुमची! ‘ह्यांची’ नाही. मिस्त्री शेडमध्ये परतला. तिने दरवाजा उचलला तो क्षण त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मग त्याने जुन्या पिनांचा डबा जमिनीवर पालथा केला. झिजलेला भाग काढायचा आणि नवा घालायचा, जन्मभर त्याने हेच केलं होतं. उलटं करताना हात अडखळले. संध्याकाळपर्यंत दरवाजा पुन्हा लोंबू लागला.

पुढच्या रविवारी तो न बोलावता वहिनीच्या दारात गाडी घेऊन गेला. ती बसली. हात आपसूक गेले, दरवाजा किंचित वर आला, कुरकुरला आणि बसला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं.

"घरात मिस्त्री आहे," ती म्हणाली, "आणि माझा दरवाजा..."



"वेळच झाला नाही, वहिनी," मिस्त्री म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली.