सहासष्ट वॅट

दाजींनी कागद माझ्या नाकापुढे नाचवला. "बघ! मोजलेले दोनशे तीस व्होल्ट, हीटरवर छापलेले दोन अँपिअर. गुणाकार चारशे साठ वॅट, भागाकार एकशे पंधरा ओहम. हीटर ठणठणीत आहे."

"मग अंडी गार का?"

"ते तुझ्या ताईला विचार."

कपाळ माझं! ताईचा हा नवरा तीस वर्षं विज्ञान शिकवून शाळेतून निवृत्त झाला, सवय मात्र निवृत्त व्हायला तयार नाही. मी रोज वायरमनचं काम करते. पण विजेच्या धड्याला यांच्याच वर्गात नापास झाले होते, ते हे गृहस्थ मरेपर्यंत विसरायचे नाहीत.

ताई अंडी उबवायच्या पेटीजवळ उभी होती. आत तीनशे अंडी, एकोणिसावा दिवस. दोन दिवसांत पिल्लं बाहेर यायची, आणि तापमानाचा काटा साडेसदतीस सोडून पस्तिसावर अडकलेला. आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. "हीपण गेली तर पेटीच विकून टाकते," ती म्हणाली. रडत नव्हती, तेच मला बघवेना.

"व्होल्ट मोजले कसे, दाजी?"

"मीटरने! हीटरचा प्लग काढला, सॉकेटला मीटर लावला."

"प्लग काढून?"

"मग? त्याशिवाय सॉकेट मोकळं कसं होणार?"

आता या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं की काय! बैल गोठ्यात बांधून ठेवायचा आणि ओझं किती ओढतो ते मोजायचं. मी हीटर चालू ठेवून मोजलं. व्होल्ट एकशे नव्वद, करंट एक पॉइंट पासष्ट. म्हणजे हीटरला मिळत होते जेमतेम तीनशे चौदा वॅट.

"मीटर खोटं दाखवतोय," दाजी म्हणाले.

"मीटर तुमचाच आहे!"

घरातल्या बोर्डावर जाऊन मोजलं, तिथे पुरते दोनशे तीस. म्हणजे घरापासून शेडपर्यंतच्या वायरीतच चाळीस व्होल्ट जिरत होते. चाळीस गुणिले एक पॉइंट पासष्ट, सहासष्ट वॅट. एवढी ऊब कुठेतरी निघत असणारच.

"वायरीला जोड आहे कुठे?"

"एकच. मी स्वतः दिलाय, एकदम पक्का. त्या पोत्यांमागे."

भुशाच्या पोत्यांवर मांजर पसरलं होतं. "आठ दिवस तिथून हलत नाही," ताई म्हणाली. "मला वाटलं, मेलीचा पिल्लांवर डोळा आहे."

मी मेन स्विच बंद केला, मांजर उचललं, पोतं ओढलं. टेप वितळून काळी पडलेली, आत दोन तारा नुसत्या पिळलेल्या, आणि पोत्याला तळहाताएवढा करपलेला डाग.

"दाजी!" मी इतक्या जोरात ओरडले की मांजर पळालं. "पेटी, अंडी, शेड, सगळ्याची राख झाली असती! मला नापास करणारे तुम्ही, आणि साधा जोड देता येत नाही?"

मी ती वायरच काढून टाकली, अखंड नवी टाकली. हीटर लावून मीटर दाजींच्याच हातात दिला. दोनशे अठ्ठावीस. त्यांनी कागदावरचे दोनशे तीस खोडले.

संध्याकाळी काटा साडेसदतिसावर आला. "तरी दोन व्होल्ट कमीच आहेत तुझ्या वायरीत," दाजी पुटपुटले.

माझं टाळकंच सटकलं. "अहो, आता तरी..."

"गप्प बसा दोघं!" ताई ओरडली. तिने एक अंडं कानाशी धरलं होतं. आम्ही श्वास रोखले, तेव्हा मलाही ऐकू आलं, कवचाच्या आतून, बारीक चिवचिव.

ताईने अंडं जपून परत ठेवलं, पेटीचं झाकण लावलं, आणि मग रडली.